दशगीत मंडळाची यंदाची क्रमवारी

फरीदाबाद, ९ नोव्हेंबर २०२५

परीक्षित,

दशगीत मंडळाची कार्यवाह म्हणून हे पत्र लिहिते आहे, त्यामुळे वर ‘प्रिय’ वगैरे काही घातलेलं नाही. वर्षातल्या दहा सर्वोत्तम गाण्यांची तुझी यादी पंधरा डिसेंबरच्या आत टपालाने माझ्या पत्त्यावर पोचली पाहिजे. मुदतीला अजून महिना आहे हे मलाही कळतं. पण गेल्या वर्षी तुझं पाकीट अगदी शेवटच्या दिवशी आलं आणि आत नुसती यादी होती. पहिल्या गाण्याबद्दल निदान चार ओळी लिहायच्या असा नियम आहे, आणि तो तूच केलेला आहेस.

खरं तर सगळेच नियम तू केलेस. मोबाइलवर मतं मागवली त्या वर्षी जयेशने सगळ्यांत आधी यादी टाकली आणि उरलेल्यांनी तीच खाली-वर करून पाठवली, तेव्हा तू किती भडकला होतास. मानेसरच्या कारखान्यात दिवसभर गाड्यांचे ब्रेक तपासणारा शांत माणूस गाण्यांच्या यादीवरून इतका लाल होऊ शकतो, हे मला नवीन होतं. तेव्हापासून कागद, पाकीट आणि टपाल. आपापसांत चर्चा नाही. पहिल्या गाण्याला दहा गुण, दहाव्याला एक. दिल्ली सोडून गेलेल्या सभासदाचं मत कायम. हा शेवटचा नियम तू घातलास, त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याला बदली मागितल्याचं सांगितलंस. नियम घातला तेव्हा कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तर यंदाचं वर्ष. गाण्यांच्या बाबतीत बरं गेलं. ‘गड्डी रिवर्स’ने इथे उच्छाद मांडला आहे. एकही लग्न, एकही रिक्षा, एकही जिम त्याच्यातून सुटलेली नाही. आमच्या विमा कंपनीच्या वार्षिक समारंभात साहेबांनी त्यावर नाच केला, तो मी अजून विसरू शकलेले नाही. मुनिरक्याहून हणमंत कळवतो की पूर्वपरीक्षेचा अभ्यास करताना त्याला फक्त बिनशब्दांची गाणी चालतात, त्यामुळे त्याच्या यादीत यंदा निम्मी गाणी बासरीचीच असणार. बाळकाकांनी मात्र शहात्तराव्या वर्षी कोरियन गाणी सुरू केली आहेत. मी म्हटलं, काका, जरा आपल्या काळातलं काही ऐका. तर म्हणाले, जुनी गाणी ऐकण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

आणि ‘जिन्यातला दिवा’ आहेच. त्याबद्दल काही लिहीत नाही, चर्चा नको हा नियम. शिवाय त्यात चर्चा करण्यासारखं आहे काय? यंदा पहिला नंबर कुणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. होळीच्या आदल्या दिवशी तू ते गाणं मला पाठवलंस, सोबत एक अक्षरही न लिहिता. मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. त्यानंतर तुझ्याकडून काही नाही. माझ्याकडूनही नाही म्हण, पण मी कार्यवाह आहे, मला कारण लागतं.

तुझ्या आईंचं चालणं आता कसं आहे, तेही यादीबरोबर कळव. मंडळाला काळजी आहे.

सुहासिनी
(कार्यवाह)


फरीदाबाद, ३० नोव्हेंबर २०२५

परीक्षित,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं असेलच, पोच आली आहे. सही तुझी नाही, बाईमाणसाची वाटते. आईंची असावी, किंवा तुझ्या बहिणीची, वैभवीताईंची. असो.

हे पत्र लिहायला तसंच कारण आहे. बाळकाकांचा खोकला यंदा फारच वाढला. हवा तुला माहीतच आहे, खिडकी उघडली की घशात राख गेल्यासारखं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीत दिल्लीत राहू नका. त्यांचा मुलगा विक्रांत बंगळुरूहून आला आणि जानेवारीत त्यांना घेऊनच जायचं असं ठरवून गेला. घरही भाड्याने देणार म्हणतो. काका आता सगळ्यांना गंभीरपणे विचारताहेत, बंगळुरूला स्पीकर न्यावा की तिथे नवा घ्यावा.

म्हणजे त्यांच्या गच्चीवरची ही शेवटची बैठक. डिसेंबरचा शेवटचा शनिवार, नेहमीसारखी अकरा वाजता, ऊन असेल तर वर, नसेल तर दिवाणखान्यात. बंगळुरूला गेल्यावर ते टपालाने मत पाठवतील, हणमंतचं पुढच्या वर्षी काय होईल कुणास ठाऊक, तनया आणि जयेशचं कॅनडाचं घाटतंय. मग कार्यवाह एकटीच बसून पाकिटं फोडणार आणि एकटीच टाळ्या वाजवणार. तुला दोन दिवस सुट्टी काढता येणं शक्य असेल, तर काकांना फार बरं वाटेल.

वरचं वाक्य मी दोनदा खोडून लिहिलं आहे. काकांना बरं वाटेल हे खरंच आहे. मलाही वाटेल.

गेल्या शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर नेहरू प्लेसच्या त्या चहावाल्याकडे गेले होते. त्याने विचारलं, “वो तार वाले भाईसाहब नहीं आते अब?” मला कळेना कोण तारवाले. मग लक्षात आलं. दर दुसऱ्या शुक्रवारी तू गुरगावहून इतक्या लांब यायचास आणि म्हणायचास, कॉम्प्युटरची एक वायर घ्यायची होती, आलोच आहे तर चहा घेऊ. एका माणसाला किती वायरी लागतात रे? तेव्हा मी हा प्रश्न विचारला नाही. आठवड्याची गाणी आपण खाली-वर करत बसायचो. कुठलं आत आलं, कुठलं घसरलं, कुठलं वर चढायला हवं होतं आणि चढलं नाही. लहानपणी रेडिओवरच्या क्रमवारीवरून आम्ही भावंडं अशी भांडायचो. घटस्फोटानंतर इतकी वर्षं माझ्याशी इतक्या बिनमहत्त्वाच्या गोष्टीवर इतक्या मनापासून कुणी भांडलं नव्हतं. लोक माझ्याशी जपून बोलायचे. तू म्हणायचास, तुझी चौथ्या नंबरची निवड म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे, आणि मी घरी जाताना मेट्रोत उभी राहून हसत असायचे.

आता दुसरी गोष्ट. तनयाची मावसबहीण तुमच्याच सोसायटीत राहते, हे तू विसरला असशील. ती सांगत होती की वैभवीताईंनी तुझ्यासाठी एक स्थळ बघितलं आहे. कोथरूडच्या कुणी प्राध्यापिका, शालिनी नाव, स्वभावाने फार चांगल्या. छान झालं. एक मैत्रीण म्हणून सांगते, त्यांना आधी त्यांची वर्षाची दहा गाणी विचार. माणसाचं शिक्षण, घर, पगार सगळं ठीकच असतं. दहा गाण्यांत कळतं.

यादी पाठव.

सुहासिनी


फरीदाबाद, १६ डिसेंबर २०२५

प्रिय परीक्षित,

तुझं पाकीट काल आलं, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे तू सुधारलेला नाहीस. नियमाप्रमाणे मी ते फोडलेलं नाही. पण कार्यवाहने पाकीट हातात धरून बघू नये असा नियम तू केलेला नाहीस, म्हणून बघितलं. पातळ आहे. एकच कागद असणार. उजेडासमोर धरलं तर घडी दिसली, अक्षर दिसलं नाही. मी काय शोधत होते ते मला नीट माहीत आहे, म्हणून ते लगेच कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं, बाकीच्या पाकिटांबरोबर.

मी दोन पत्रं लिहिली. तू आईंबद्दल चार शब्द लिहू शकला असतास. बैठकीला येणार नाहीस हे तरी लिहायचं. कोथरूडबद्दल तू लिहिलं नसतंस तरी चाललं असतं, पण ते सोडून उरलेलं जग मोठं आहे.

इथे सध्या मोबाइलवरच्या गाण्यांच्या दुकानांनी ज्याच्या त्याच्या वर्षभराच्या याद्या काढून दिल्या आहेत. तुम्ही सगळ्यांत जास्त काय ऐकलंत, कुठल्या गायकाचे तुम्ही भक्त, वगैरे. मेट्रोच्या बायकांच्या डब्यात सगळ्या एकमेकींना स्वतःच्या याद्या दाखवत असतात, आणि खरं सांगते, मला ते बघायला फार आवडतं. परवा एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीला रडवेल्या आवाजात सांगत होती, “यार, मेरे टॉप फाइव में ये आया कैसे, ये तो मेरी मम्मी सुनती है.” अनोळखी असून मी हसले, तर तिने मला तिची पूर्ण यादी दाखवली. तिसऱ्या नंबरवरून आमचा बदरपूरपर्यंत वाद झाला. दिल्लीत अनोळखी बाईशी बोलायचं असेल तर हवा, मेट्रो नाहीतर गाणी, हे तीनच विषय आहेत, आणि पहिल्या दोन विषयांत भांडायची मजा नाही.

तनयाने तिची यादी सगळ्यांना पाठवली आणि माझी मागितली. मी म्हटलं, माझ्या मोबाइलमध्ये ते उघडत नाही. उघडतं. पहिल्याच पानावर ‘जिन्यातला दिवा’ आहे आणि त्याखाली लिहिलं आहे की हे गाणं तुम्ही इतकं ऐकलंत की देशातल्या मोजक्या लोकांत तुमची गणना होते. मी काही सगळ्यांना दाखवत सुटणार नाही. पंचेचाळिशीच्या विमावाल्या बाईची शोभा व्हायला एवढं पुरे.

गाणं आहेच तसं. ती नाशिककडची दोघं, तो आणि ती, काही मोठा आवाज लावत नाहीत. शेवटच्या कडव्यात तो थांबतो आणि ती एकटी गाते, आणि आपल्याला वाटतं आता तो येईल, पण तो येतच नाही, गाणं संपतं. पहिल्यांदा मला वाटलं फाइल अर्धवट आली. मग कळलं की तसंच आहे. तुला विचारायचं होतं, तू मला ते त्या शेवटासाठी पाठवलंस, की नुसतं चांगलं गाणं म्हणून? नऊ महिने झाले, अजून विचारते आहे.

माझी यादी झाली. माझ्या पाकिटावर चिकटपट्टी लावून मीच मला मिळाल्याची पोच लिहिली. नियम म्हणजे नियम.

सुहासिनी


फरीदाबाद, २७ डिसेंबर २०२५, संध्याकाळ

प्रिय परीक्षित,

गैरहजर सभासदाला निकाल फोनवर कळवायची पद्धत आहे, म्हणून उद्या सकाळी तुला फोन करीन. पण आज जे झालं ते मला फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून आधी लिहून काढते.

ऊन होतं. पिवळट, धुरातून गाळलेलं, पण होतं. काका कानटोपी आणि शाल घेऊन गच्चीवर खुर्चीत बसले होते. मी मटारभात केला होता, तनयाने बाजारातून गाजरहलवा आणला आणि स्वतः केल्याचं सांगितलं. हणमंत मुनिरक्याहून तीन मेट्रो बदलून आला. तुझी खुर्ची कुणी मांडली नव्हती, मग काकांनीच जयेशला ती मांडायला लावली आणि तिच्यावर तुझं पाकीट ठेवलं. मला ते फार आवडलं नाही, पण आज त्यांचा दिवस होता.

पाकिटं फोडली, मी गुण मांडले. नेहमीप्रमाणे मांडताना मी कुणाला काही दिसू दिलं नाही. बेरीज पटेना. पुन्हा पहिल्यापासून मांडलं. मग काका म्हणाले, “अगं, विम्याचा दावा नाही तो, वाच आता.” म्हणून दहाव्यापासून वाचायला घेतलं. प्रत्येक गाणं वाजवायचं, ज्याने त्याला सर्वांत जास्त गुण दिले त्याने उभं राहून बोलायचं. हणमंत त्याच्या बासरीवर इतकं सुंदर बोलला की तनयाने डोळे पुसले. काकांनी कोरियन गाण्याचे शब्द म्हणून दाखवले, ते कोरियन होते यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या नंबरपर्यंत सगळे खुशीत होते, कारण सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते.

मग मी पहिलं गाणं वाचलं. ‘गड्डी रिवर्स’.

कुणालाच ते पहिलं वाटत नव्हतं. सगळ्यांनी त्याला गंमत म्हणून चौथा-पाचवा नंबर दिला होता आणि थोडे थोडे गुण साठून ते वर आलं. मग जयेश म्हणाला, “आणि ‘जिन्यातला दिवा’?”

मी सांगितलं, एकही मत नाही.

मग जो गोंधळ झाला तो तू बघायला हवा होतास. जयेश तनयाकडे बघून म्हणाला, मला वाटलं तू पहिलं देणार, म्हणून मी माझे गुण दुसऱ्या एका बिचाऱ्या गाण्याला दिले. तनयाला वाटलं जयेश देणार. हणमंत म्हणाला, सगळेच देणार, मग माझ्या एका मताने काय फरक पडतो, त्यापेक्षा बासरीला मदत होईल. काका म्हणाले, जे जिंकणारच आहे त्याला मत देऊन वाया का घालवायचं. सगळे हुशार. सगळ्यांनी आपापली मतं गरजू गाण्यांना वाटून टाकली, आणि जे प्रत्येकाला सर्वांत जास्त आवडत होतं ते उपाशी राहिलं. दुसऱ्या कुठल्या माणसांच्या हातून असलं काही झालं नसतं. ज्यांना यादीचं इतकं वेड नाही ते आपलं आवडतं गाणं सरळ लिहून मोकळे होतात.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मीही दिलं नव्हतं. मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं. ते अर्धं खरं होतं. मला वाटलं होतं, तू ते पहिलं देशील आणि खाली चार ओळी लिहिशील. आणि तुझ्या यादीत पहिलं आणि माझ्याही यादीत पहिलं असं सगळ्यांसमोर वाचलं गेलं असतं, तर माझा चेहरा मला सांभाळता आला नसता. म्हणून मी ते तुझ्यावर सोडलं.

आणि तुझ्या यादीत ते नव्हतं. दहावंसुद्धा नाही. चार ओळीही नव्हत्या.

परीक्षित, मला फार लागलं. सगळे एकमेकांवर ओरडत होते, काकांनी हरल्याची शिक्षा म्हणून सगळ्यांना ‘गड्डी रिवर्स’वर नाचायला लावलं, मी पण नाचले, आणि सारखं मनात येत होतं की त्याने ते मला पाठवलं आणि त्याला स्वतःला ते दहांतलंही वाटत नाही. म्हणजे होळीच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या बसमध्ये कंटाळला असेल, बोट जिथे पडलं तिथे पाठवलं असेल, आणि मी मूर्खासारखी वर्षभर मेट्रोत डोळे मिटून ऐकत राहिले.

सगळे गेल्यावर मी भांडी विसळत होते तेव्हा काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “त्याने नाही दिलं, कारण तू देशील असं त्याला वाटलं.” मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, मला नाही माहीत, तू विचार. जयेशने फेरमतदानाची मागणी केली होती, ती मी फेटाळली. निकाल लागला तो लागला. पण काकांच्या म्हणण्याचं काय करावं ते मला कळत नाही.

उद्या फोन करीन. तेव्हा मी फक्त निकाल वाचून दाखवीन, कारण तुझा आवाज ऐकला की मला त्यापलीकडे काही सुचणार नाही. वर्ष झालं तो ऐकून.

सुहासिनी


फरीदाबाद, १ जानेवारी २०२६

प्रिय परीक्षित,

सत्तावीस तारखेच्या पत्राआधीच हे तुला मिळालं तर गोंधळू नकोस. बैठकीचं पत्र मी आजच टाकलं, हे त्याच्याबरोबरच टाकते आहे. आधी ते वाच.

रविवारचा फोन तुला आठवत असेलच, पण मला तो कसा ऐकू आला ते सांगते. मी निकाल वाचला. दहा, नऊ, आठ, असा सगळा. तू मध्ये हुं हुं करत होतास. पहिलं ऐकून तू हसलास, आणि मग एकदम थांबलास. म्हणालास, “म्हणजे तू नाही दिलंस?” मी म्हटलं, तू दिलं नाहीस. तू म्हणालास, “मला वाटलं तू देशील.” मी म्हटलं, मलाही तेच वाटलं.

मग तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मी कान फोनला इतका दाबून धरला होता की तो लाल झाला. मला वाटलं, आता. आता तू बोलशील. तुलाही तिकडे तसंच वाटत असेल. आणि मागून आईंचा आवाज आला, “कोण आहे रे?”

आणि तू म्हणालास, “ऑफिसचं आहे, आई.”

रविवारी सकाळी. ऑफिसचं. मी ‘बरं, ठेवते’ म्हटलं आणि ठेवला. दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडलेली होते की आमच्या शिपायाने विचारलं, मॅडम, तबीयत ठीक है? तिसऱ्या दिवशी चीड ओसरली आणि खाली जे होतं ते तसंच होतं, म्हणून हे लिहिते आहे.

मला तू हवा आहेस. यात कार्यवाह नाही, मंडळ नाही, काकांना बरं वाटेल हेही नाही. तू गेल्यापासून मला शुक्रवार नकोसा वाटतो. नवीन गाणं ऐकलं की पहिल्या ओळीला मला ते आवडतं आणि दुसऱ्या ओळीला तू नाहीस हे आठवतं. मी एकटी नीट राहते, जेवते, हसते, कुणाला काही वाटत नाही, आणि तरी रोज दिवसातून कधीतरी तुझी इतकी आठवण येते की हातातलं काम खाली ठेवावं लागतं. हे तुला कळत असेल असं मी गृहीत धरलं. तू आपण होऊन बोलशील असंही गृहीत धरलं. तुझ्या गुणांची वाट बघत मी माझे गुण दुसरीकडे वाटत बसले.

तुझ्या बाजूला काय आहे तेही मला कळतं. आईंचं पडणं, त्यांना एकटं सोडता न येणं, माझी इथली नोकरी, वैभवीताईंनी बघितलेलं स्थळ. यातलं एकेक कठीण आहे. पण कठीण गोष्टींवर आपण दोघं तासन्‌तास भांडू शकतो, मी पाहिलेलं आहे. आमच्या कंपनीची पुण्याला शाखा आहे. आईंच्या गुडघ्याला सोसेल अशी लिफ्ट माझ्या इमारतीत आहे. कुणी कुणाकडे जायचं, की कुणीच नाही आणि आहे तसंच राहून नुसतं एकमेकांचं व्हायचं, ते नंतर ठरवता येईल. शालिनीबाई तुला आवडल्या असतील तर तसं सांग. मी रडेन आणि पुढच्या डिसेंबरला तुझं पाकीट निमूटपणे फोडीन. पण मी तुला सांगितलंच नाही म्हणून तू दुसरीकडे गेलास, असं मात्र मला आयुष्यभर वाटायला नको.

तू काय करायचंस ते तुझं तू ठरव. मी काय करणार आहे ते सांगते.

अकरा तारखेला, रविवारी सकाळी, मी पुन्हा फोन करणार आहे. तुझ्या मोबाइलवर नाही, तुमच्या घरच्या फोनवर. आईंना पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा तो नंबर तू मला दिला होतास. तो फोन आईच उचलतात, असं तूच म्हणाला होतास. त्या विचारतील, कोण बोलतंय. मी म्हणेन, सुहासिनी. त्या विचारतील, कोण सुहासिनी?

त्या दिवसाच्या आत त्यांना सांगून ठेव मी कोण ते. तू सांगितलं नाहीस, तर मी सांगेन, आणि मला जे वाटतं तेच सांगेन.

सुहासिनी